व्हीएमचा बॅकअप: किती वेळाने घ्यायचा आणि किती वर्षं ठेवायचा?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, आमच्या लॅबच्या सर्व्हरमधली डिस्क गेली. त्यावर माझी व्हर्च्युअल मशीन होती. पुढे नुसतं व्हीएम म्हणते. मला फोन आला तेव्हा मी फारशी घाबरलेही नव्हते, कारण त्या व्हीएमचे माझ्याकडे चार स्नॅपशॉट होते. प्रत्येकाला मी छान नावंही दिली होती. मग कळलं की ते चारही स्नॅपशॉट त्याच डिस्कवर होते.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे काय गेलं ते कळेल. मी मूळची पुणतांब्याची. गोदावरीकाठी, काळ्या बेसाल्ट खडकात पाणी कसं मुरतं आणि कालव्याचं आवर्तन सुटलं की आसपासच्या विहिरींची पातळी किती आणि किती दिवसांनी वाढते, हा माझा विषय. गावातल्या आणि वस्त्यांवरच्या बावीस विहिरी मी दर पंधरा दिवसांनी टेपने मोजत होते. तीन विहिरींत दर तासाला पातळी नोंदवणारी यंत्रं सोडली होती. हे सगळं पुण्यातल्या लॅबच्या व्हीएममध्ये एका डेटाबेसमध्ये जायचं आणि तिथेच माझं मॉडेल चालायचं.

डिस्क गेली तेव्हा व्हीएमची दुसरीकडे असलेली शेवटची प्रत अकरा आठवडे जुनी होती. टेपचे आकडे फील्ड डायरीत होते, ते पुन्हा टाइप केले. मॉडेलचा कोड बराचसा आठवून, चडफडत, पुन्हा लिहिला. पण यंत्रांमधला तासातासाचा डेटा मी उतरवून घेतला होता आणि जागा करायला यंत्रांची मेमरी पुसली होती. त्या उन्हाळी आवर्तनाचे ते तास आता कुठेच नाहीत. प्रबंधाच्या त्या तक्त्यात आजही ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं आहे.

तुम्ही संशोधनाला सुरुवात करणार असाल तर कधी ना कधी तुमच्याही हातात अशी एखादी व्हीएम येईल. म्हणून हा लेख.

आधी स्नॅपशॉटचं बघू. व्हीएम म्हणजे एक अख्खा संगणक, पण बाहेरून पाहिलं तर ती यजमान सर्व्हरवरची एक मोठी फाइल असते. ऑपरेटिंग सिस्टिम, लायब्रऱ्या, डेटा, सगळं त्या फाइलच्या पोटात. स्नॅपशॉट घेतला की त्या फाइलची दुसरी प्रत तयार होत नाही. साधारण असं होतं की आत्तापर्यंतचा भाग जसाच्या तसा ठेवला जातो आणि यापुढचे बदल बाजूला लिहिले जातात. म्हणून तर तो दोन सेकंदांत होतो! एखादं अपडेट फसलं तर मागे यायला तो झकास आहे. पण मूळ फाइल गेली की स्नॅपशॉटला उभं राहायला जागाच उरत नाही. वहीच्या पानावर खूणचिठ्ठी लावली म्हणजे वहीची झेरॉक्स काढली असं होत नाही ना, तसंच.

आता वेळापत्रक. सगळे पहिला प्रश्न विचारतात, ‘रोज घेऊ की आठवड्याला?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: किती दिवसांचं काम पुन्हा करायला तुम्ही तयार आहात? आणि त्याच्या पोटातला आणखी एक: त्यातलं पुन्हा करता येण्यासारखं किती आहे? माझ्या व्हीएममध्ये चार प्रकारच्या गोष्टी होत्या. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर, जे पुन्हा बसवता येतं, फक्त वेळ जातो (मला नऊ दिवस लागले, कारण कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती होती ते लिहून ठेवलेलं नव्हतं). कोड, जो पुन्हा लिहिता येतो. मॉडेलने काढलेले निकाल, जे कोड आणि डेटा असेल तर पुन्हा निघतात. आणि निरीक्षणं, जी पुन्हा मिळत नाहीत. ते आवर्तन एकदाच सुटलं होतं. या चौघांना एकच वेळापत्रक लावणं हीच माझी चूक होती, आणि तेही मी ‘आठवेल तेव्हा’ असं लावलं होतं.

आता मी असं करते. फील्डचा हंगाम चालू असताना व्हीएमचा बॅकअप रोज रात्री होतो. निरीक्षणांच्या मूळ फाइल्स तर उतरवल्या उतरवल्या, म्हणजे विहिरीच्या काठावरच, दोन ठिकाणी जातात आणि त्या दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय यंत्राची मेमरी पुसत नाही. नुसतं लिखाण चालू असतं तेव्हा व्हीएमला आठवड्यातून एकदा पुरतं, प्रकरणांच्या फाइल्सना मात्र रोज. वर्षभर एकच ठरावीक वेळापत्रक ठेवायला काही हरकत नाही, पण जागा कमी असेल तर ते कामाच्या टप्प्याप्रमाणे बदलावं.

रात्री किती वाजता हेही बघायला लागतं. लॅबमध्ये सहा जणांच्या व्हीएम असतील आणि सगळ्यांनी बाराचा ठोका निवडला असेल तर डिस्क गुदमरते आणि सकाळपर्यंत एकाचाही बॅकअप पूर्ण होत नाही. एकमेकांत अंतर ठेवा. दुसरं, तुमचं मॉडेल रात्री चालत असेल तर बॅकअप त्याच्या मध्ये येऊ देऊ नका. चालत्या व्हीएमची प्रत घेणं म्हणजे ऐन कामात लाइट गेल्यावर डिस्क जशी असेल तशी उचलणं. पोस्टग्रेससारखा डेटाबेस अशा धक्क्यातून सहसा सावरतो, कारण तो आधी नोंदवही लिहितो आणि मग मूळ तक्ता बदलतो. तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम अर्धवट फाइल लिहीत असेल तर तो सावरत नाही. यावर उपाय असा की व्हीएमच्या आत ‘गेस्ट एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा. बॅकअप सुरू होताना तो फाइल सिस्टिमला क्षणभर थांबवतो आणि मेमरीत अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरवतो. त्याच्याही आधी अर्धा तास डेटाबेसचा वेगळा डंप काढून व्हीएममध्येच ठेवायचा. पाच वर्षांनी व्हीएम उठली नाही तरी त्या डंपच्या फाइलमधून आकडे वाचता येतात.

आता जागेचा हिशोब. हा कागदावर एकदा कराच, कारण ‘जागा पुरत नाही’ म्हणून बॅकअप बंद करणारे मी बरेच पाहिलेत.

माझ्या व्हीएमची पूर्ण प्रत कॉम्प्रेस केल्यावर ४० जीबी होते. दिवसाला साधारण २ जीबी बदलतं. रोज पूर्ण प्रत घेतली आणि वर्षभर ठेवली तर ३६५ गुणिले ४०, म्हणजे १४,६०० जीबी. कोण देणार? म्हणून रविवारी पूर्ण प्रत आणि बाकीचे सहा दिवस फक्त आदल्या दिवसापासून बदललेला भाग. आठवड्याचे झाले ४० अधिक १२, म्हणजे ५२ जीबी.

इथे एक खाच आहे. मला मागच्या चौदा दिवसांपैकी कुठल्याही दिवसावर परत जाता यायला हवं. म्हणजे दोन आठवडे, म्हणजे १०४ जीबी, बरोबर? चूक. समजा आज तिसऱ्या आठवड्याचा शनिवार आहे. चौदा दिवस मागे म्हणजे पहिल्या आठवड्याचा शनिवार. शनिवारची प्रत एकटी काही कामाची नाही, ती त्या आठवड्याच्या रविवारवर आणि मधल्या प्रत्येक दिवसावर उभी आहे. म्हणजे पहिला आठवडा अख्खा ठेवावा लागतो. तीन आठवडे, १५६ जीबी. साखळीतली एक कडी पुसली की पुढच्या सगळ्या कड्या नुसती जागा अडवणाऱ्या फाइल्स होतात.

याच्यावर महिन्याची एक पूर्ण प्रत, बारा महिने: ४८० जीबी. वर्षाची एक, पाच वर्षं: २०० जीबी. बेरीज ८३६. एक टीबीच्या डिस्कमध्ये बसतं, पण काठोकाठ. या पद्धतीला बॅकअपवाले लोक आजोबा-बाप-लेक म्हणतात. लेक रोजचा, बाप आठवड्याचा, आजोबा महिन्याचा. प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीत ‘रोजचे इतके, आठवड्याचे इतके, महिन्याचे इतके, वर्षाचे इतके ठेव’ असे आकडे भरले की बाकीचं ती पुसते. तिच्या बॅकअप सर्व्हरमध्ये सारखे ब्लॉक एकदाच साठवले जातात, त्यामुळे वरच्या हिशोबापेक्षा पुष्कळ कमी जागा लागते आणि साखळीची भानगडही उरत नाही. तरी हाताने एकदा हिशोब करा.

पुसण्याबद्दल मात्र सावध. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये जे झालं ते प्रत्येक रिसर्च स्कॉलरने वाचायला हवं. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइल्स पुसायची एक साधी ओळ होती. त्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली गेली. शेल स्क्रिप्ट वाचत वाचत चालतो, त्यामुळे मधेच नवा मजकूर आला, कोणत्या फोल्डरमधलं पुसायचं ते सांगणारा व्हेरिएबल रिकामाच राहिला आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल्स पुसल्या गेल्या. ७७ टीबी, साधारण ३ कोटी ४० लाख फाइल्स, १४ संशोधन गट. त्यातल्या चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. हल्ला नाही, आग नाही, नुसता ‘जुनं पुसा’ हा नियम! म्हणून किती दिवस ठेवायचं हे ठरवताना कोण पुसणार, कुठलं पुसणार आणि पुसण्याआधी यादी कोण बघणार हेही ठरवा. मी पहिले दोन महिने पुसण्याचा नियम फक्त यादी दाखवण्यापुरता चालवला.

पण मुळात इतकी जुनी प्रत लागते कशाला? माझंच उदाहरण. चार नव्या विहिरी जोडल्या तेव्हा त्यांचे आकडे मी फुटांत भरले, बाकी सगळे मीटरमध्ये होते. वरून एक सफाईची स्क्रिप्ट होती, ती ‘अशक्य’ आकडे दुरुस्त करून त्याच तक्त्यात परत लिहायची. चूक पाच महिन्यांनी लक्षात आली. तोवर रोजच्या चौदाच्या चौदा प्रतींमध्ये तीच चूक सुखाने नांदत होती. डिस्क मेली तर लगेच कळतं. आकडा चुकला तर महिनोन्महिने कळत नाही, आणि संशोधनात दुसरा प्रकार जास्त होतो. सहा महिन्यांपूर्वीची मासिक प्रत उघडली आणि स्क्रिप्टने नक्की कोणते आकडे बदलले ते शेजारी ठेवून पाहिलं. एका दुपारचं काम झालं.

याहून लांबचा पल्ला संशोधनाच्या कॅलेंडरमधून येतो. पेपर पाठवला की रिव्ह्यूअरचं उत्तर यायला वर्षही लागू शकतं, आणि तो म्हणतो आकृती चार वेगळ्या गृहीतकाने पुन्हा काढा. आकृती चार काढणारी व्हीएम तेव्हा जशी होती तशी आज नसते. पायथन २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्याच्या आधीची किती मॉडेलं आज चालत नाहीत ते एखाद्या सीनियरला विचारून बघा. म्हणून आजोबा-बाप-लेकाच्या चक्राबाहेर काही प्रती ठेवायच्या, ज्यांना मुदतच नाही: सिनॉप्सिसच्या दिवशीची, प्रत्येक पेपर पाठवल्याच्या दिवशीची, प्रबंध जमा केल्याच्या दिवशीची. तारीख आणि कारण नावातच. कधीपर्यंत? जर्मनीची डीएफजी ही निधी देणारी संस्था संशोधनाचा डेटा साधारण दहा वर्षं जपायची अपेक्षा ठेवते. तुमच्या विद्यापीठाचा किंवा निधी देणाऱ्यांचा नियम असेल तर तो पाळा, नसेल तर दहा धरा. तुमचा प्रबंध शोधगंगेवर राहील, पण ज्या मशीनने त्यातले आकडे काढले ती तिथे नसते.

जुनं ठेवल्याने काय मिळतं याचं माझं आवडतं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. मूळ निरीक्षणं संग्रहात राहिली. पुढे हाइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नव्या पद्धतीने, सुरुवातीपासून पुन्हा प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ३६,९०० चौरस अंश आकाश आणि ६ लाख २० हजारांच्या आसपास रेडिओ स्रोत. नुसत्या तयार प्रतिमा ठेवून कच्चा डेटा पुसला असता तर हे झालं नसतं. जागा कमी पडली तर मधले निकाल पुसा, कच्ची निरीक्षणं नाही.

आता प्रती कुठे ठेवायच्या. २१ मार्च २०२१, रविवार, पहाटे अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरलं. क्लाउडवरचे ॲप्लिकेशन आणि डेटाबेस सर्व्हर एन्क्रिप्ट झाले, कार्यालयांतले काही संगणकही. महामंडळाने तेव्हा दिलेल्या निवेदनात एक वाक्य फार महत्त्वाचं होतं: बॅकअपच्या फाइल्स नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या आणि त्यांना संसर्ग झाला नव्हता. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टीबी डेटा असाच एन्क्रिप्ट झाला, आणि ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो संसर्गातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचं ते हे: तुमच्या व्हीएमला तिच्या स्वतःच्या बॅकअपवर लिहिण्याची आणि पुसण्याची मोकळी परवानगी नको. व्हीएमने बॅकअप ढकलण्याऐवजी बॅकअपच्या मशीनने तो येऊन ओढून न्यावा. आणि एक प्रत तारेला जोडलेलीच नसावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोघ नावाच्या एका छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. फोटो सांभाळायला केलेला नियम, पण आपल्याला चपखल बसतो.

माझी दुसरी जागा म्हणजे पुणतांबा. महिन्याची प्रत मी क्लाउडवर चढवून पाहिली होती. घरचा अपलोड वेग १० एमबीपीएस, ४० जीबी चढवायला सरळ हिशोबाने नऊ तास, आणि मधे लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. त्यापेक्षा डिस्क पिशवीत टाकून दौंडमार्गे रेल्वेने नेणं जलद पडतं. पुणतांबा जंक्शन आहे, शिर्डीचा फाटा तिथूनच फुटतो, त्यामुळे गाड्यांची तशी अडचण नाही. दोन डिस्क आहेत, एक घरी, एक लॅबमध्ये, दर महिन्याला अदलाबदल. घरची डिस्क आजीच्या लोखंडी कपाटात, पातळांच्या घडीखाली असते. पहिल्यांदा ठेवली तेव्हा आजीने विचारलं होतं, “ह्या डबीत काय हाय गं?” म्हटलं, गावच्या सगळ्या विहिरी आहेत. तेव्हापासून ती कपाटाला कुलूप लावते.

नदीकाठी घर म्हटल्यावर पुराचा विचार करायला हवा, म्हणून डिस्क वरच्या खणात. पुण्यातली लॅब आणि पुणतांब्यातलं कपाट एकाच दिवशी पाण्यात जायची शक्यता मला परवडते.

आमच्या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. त्या कोऱ्या पत्रातून अर्थ काढायला पलीकडे ज्ञानेश्वर होते. आपल्या कोऱ्या बॅकअपला कुणी नसतं. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी. डंप काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, तो रोज अपयशी ठरत होता, आणि अपयश कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. सुदैवाने कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट घेतला होता आणि त्याची प्रत दुसऱ्या मशीनवर नेली होती, ती कामी आली.

त्यामुळे ‘बॅकअप यशस्वी’ या हिरव्या अक्षरांवर माझा विश्वास नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी एक प्रत नेटवर्क बंद ठेवलेल्या वेगळ्या व्हीएममध्ये उठवते. नेटवर्क बंद अशासाठी की एकाच नावाच्या दोन मशीन एकदम जाग्या झाल्या तर वेगळाच गोंधळ होतो. मग तीन गोष्टी बघते: डेटाबेस सुरू होतो का, बावीस विहिरींच्या ओळी मोजल्या तर अपेक्षित आकडा येतो का, आणि पहिल्या पेपरमधली आकृती दोन पुन्हा काढली तर तीच येते का. घड्याळ लावून. पहिल्यांदा तीन तास लागले होते, कारण पासवर्ड सापडत नव्हता. आता चाळीस मिनिटं.

पासवर्डवरून आठवलं. बॅकअप एन्क्रिप्ट करा, डिस्क रेल्वेत विसरू शकते. पण किल्ली त्याच व्हीएमच्या आत ठेवू नका. हसू नका, मी ठेवली होती. आता ती कागदावर, बंद पाकिटात, दोन ठिकाणी आहे आणि त्यातलं एक गाइडकडे. आणि कधी पेपरसोबत डेटा झेनोडोवर टाकायचा असेल (एका नोंदीला ५० जीबीची मर्यादा आहे, माझी व्हीएम सहज बसते) तरी अख्खी व्हीएम उचलून टाकू नका. तिच्या पोटात तुमच्या किल्ल्या, पासवर्ड आणि माझ्या बाबतीत शेतकऱ्यांची नावं व गट नंबरही असतात. मी साध्या सीएसव्ही फाइल्स, कोड आणि लायब्रऱ्यांची यादी टाकते, विहिरींना नुसते क्रमांक.

मुदत नसलेल्या प्रतींची एक शेवटची गोष्ट. डिस्क कपाटात ठेवली म्हणजे ती टिकली असं नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना ठेवायची नसते, तिच्यातला भार हळूहळू गळतो. साधी हार्ड डिस्क बरी, पण चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायची. प्रत्येक प्रतीशेजारी तिचा शा-२५६ चेकसम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते आणि दिवाळीत गावी गेले की तो पुन्हा काढून जुळवते. त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असतं: ही व्हीएम कशाने उघडते, आत कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, कोणता कोड कोणती आकृती काढतो, आणि कोणत्या आवर्तनाच्या तासातासाच्या नोंदी यात नाहीत.